अकरांतली तीन झाडं

शनिवारी सकाळी आवाराचं फाटक ढकलून मेतोदी आत आला आणि जागच्या जागी थांबला. समोर नासपतीची अकरा झाडं भिंतीपर्यंत एका रांगेत उभी होती, आणि अकराच्या अकरा झाडांना लाल-पांढरे दोरे बांधलेले होते. कुठे एक, कुठे चार. बुंध्यालगतच्या खालच्या फांद्यांना, पोराच्या हाताला पोचेल तिथे.

एरवी हे बघून कुणालाही बरंच वाटलं असतं. मार्च लागला की शेजारीपाजारी, पोरंटोरं एकमेकांच्या मनगटाला हे दोरे बांधतात. मार्तेनित्सा म्हणतात त्यांना. महिनाभर ते हातावर मिरवायचे आणि वसंत आला, की उतरवून फुललेल्या झाडाला बांधायचे आणि मनात काहीतरी मागायचं. मेतोदीने स्वतः लहानपणी कितीतरी बांधले होते. पण आज त्याला ते बघवेना. कारण ह्या अकरांतल्या तीन झाडांना दोरे त्यानेच बांधले होते, चार आठवड्यांपूर्वी, आणि ते वसंतासाठी नव्हते. ती झाडं कापायची होती, त्याची खूण म्हणून होते.

त्याने रांगेतून एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. भिंतीशेजारचं शेवटचं झाड नक्की त्यातलं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. बाकीची दोन कुठली?

चौतीस वर्षं मेतोदी रूसे शहरात ट्रॉलीबस चालवत होता. वर तार, खाली रस्ता, थांबे ठरलेले. निवृत्त झाल्यावर दोन महिने तो घरी बसला, तेव्हा बायको स्तांका म्हणाली, "अहो, खिडकीत बसून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या वेळा मोजता. जा कुठेतरी." म्हणून तो 'कोमशुलुक' म्हणजे 'शेजारधर्म' नावाच्या संस्थेत आला. ब्रशच्या बंद पडलेल्या कारखान्याचं हे आवार संस्थेने नगरपालिकेकडून मागून घेतलं होतं, आणि मोहल्ल्यातली माणसं तिथे भाजी लावत होती. पहिल्याच दिवशी संस्था चालवणाऱ्या रालित्साने त्याला विचारलं होतं, "मेतोदीकाका, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

ह्या प्रश्नाने तो गडबडून गेला होता. चौतीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. इथे साहेब नव्हता, पाळी नव्हती, फळ्यावर नावं नव्हती. एकाने वाफ्याला पाणी घालावं, दुसऱ्याने येऊन पुन्हा तेच करावं. मुळ्याच्या वाफ्यात कुणी कांदा लावून जाई आणि सगळे हसत. मेतोदीला हसू येत नसे. आपण इथे नक्की कशाला आहोत, हेच त्याला दर शनिवारी कळत नसे.

म्हणून एक मार्चला जेव्हा गलाबिनाबाईंनी त्याला काम सांगितलं, तेव्हा तो मनापासून खूष झाला. गलाबिनाबाई झाडांच्या जाणकार. आयुष्य फळबागांच्या खात्यात गेलेलं. त्यांनी एकेक झाड निरखलं आणि सांगितलं, "तीन झाडांना करपा लागलाय. अजून बाहेरून फारसा दिसत नाही. पण फुलं उमलली की मधमाश्या ह्या झाडावरून त्या झाडावर जाणार आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे एकही नासपती राहणार नाही. फुलं यायच्या आत ही तीन कापा. आणि तोपर्यंत कुणी चाकूने साल खरवडून बघायची नाही, कळलं? चाकूच रोग पसरवतो. मेतोदी, मी दाखवते, तुम्ही खूण करा. खाली करा, बुंध्याशी. कापणाऱ्याला कुठे कापायचं ते दिसलं पाहिजे."

रंगाचा डबा कपाटात होता, कपाटाची किल्ली रालित्साकडे होती, रालित्सा गावाला गेली होती. पण एक मार्च होता. मेतोदीच्या दोन्ही हातांवर मिळून सात दोरे होते. वरच्या मजल्यावरची म्हातारी, दुकानातली पोरगी, स्तांकाची बहीण, सगळ्यांनी बांधलेले. त्याने तीन सोडले आणि गलाबिनाबाईंनी बोट दाखवलं त्या तीन झाडांना बांधले. उद्या येऊन रंग लावू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी कंबर. आणि मग दोरे दिसतच होते की. रालित्साने एकदा विचारलंही, "काका, खुणा झाल्या ना?" तो म्हणाला, "झाल्या." खोटं नव्हतं.

"मेतोद्या! झाडांशी लग्न लावतोयस काय?"

फाटकातून गांचो आला होता. एका खांद्यावर करवत, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली चीजची खारी, बानित्सा. गांचो गोदीत जोडारी होता. त्याचं बोलणं अजूनही गोदीतल्यासारखंच, पलीकडच्या बोटीवर ऐकू जाईल इतकं मोठं. त्याच्यामागून रालित्सा आणि आणखी दोघं-तिघं स्वयंसेवक दोरखंड आणि शिडी घेऊन आले.

"अय्या, किती सुंदर दिसतंय!" रालित्सा म्हणाली. "गुरुवारी वेलिच्काबाई पहिलीच्या वर्गाला घेऊन आल्या होत्या. मी नव्हते. त्यांनी केलेलं दिसतंय सगळं."

"पण फुललंय फक्त फाटकाजवळचं आलुबुखाऱ्याचं झाड," गांचो म्हणाला. "ते सोडून पोरांनी ह्या मुक्या कळ्यांना कशाला बांधलं?"

मेतोदीला कशाला ते चांगलं कळलं होतं. पोरांनी इकडे तिकडे बघितलं असणार. तीन झाडांना आधीच दोरे. म्हणजे इथे ह्या झाडांना बांधायची पद्धत दिसते. झालं.

"बोल, कुठून सुरू करू?" गांचोने करवतीचं झाकण काढलं. "खुणा कुठायत?"

मेतोदीने रांगेवरून नजर फिरवली. भिंतीजवळचं एक सांगावं. मग पाचवं. पाचवंच असणार, तिथे उभं राहिल्याचं आठवतंय. की सातवं? तिसरं कुठलंतरी सांगून टाकावं. झाड कापल्यावर कोण विचारायला येतंय? कळ्या टपोऱ्या फुगल्या होत्या. उद्या-परवा उमलणार. आज कापलं नाही तर उपयोग नाही, आणि चुकीचं कापलं तर निरोगी झाड गेलंच, वर रोगी झाड उरलं म्हणजे सगळीच गेली.

"भिंतीजवळचं..." तो म्हणाला.

गांचोने करवत सुरू केली. त्या आवाजाने मेतोदी एकदम पुढे झाला आणि त्याने गांचोचा दंड धरला. "थांब! बंद कर. मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"कुठली ते. मी दोरे बांधले होते. मार्तेनित्सा. खूण म्हणून."

करवत बंद झाली. मग गांचो इतका हसला, की त्याने करवत जमिनीवर ठेवली. "मार्चमध्ये! झाडाला! मार्तेनित्सा! अरे, उद्या बर्फात साखर पुरून ठेव आणि म्हण सापडत नाही!"

"गांचोकाका, पुरे," रालित्सा म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. "मेतोदीकाका, मला सांगायचंत तरी. मी किल्ली आणून दिली असती."

त्यांनी गलाबिनाबाईंना फोन लावला. फोन त्यांच्या भाचीने घेतला आणि मग त्या स्वतः बोलल्या. दोन दिवसांपूर्वीच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "फोटो पाठवून काही उपयोग नाही हो, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने मला माझी भाचीसुद्धा दोन दिसतायत. तीन होती एवढं नक्की. एक भिंतीजवळ. एक मधे कुठेतरी. आणि डावीकडे एक."

"डावीकडे म्हणजे? फाटकातून येताना की जाताना?" मेतोदीने विचारलं.

"मी झाडांकडे तोंड करून उभी होते."

"पण रांगेच्या कुठल्या बाजूला, बाई?"

"अहो, मला काय ठाऊक! खूण करायला तुम्हाला सांगितलं होतं ना?"

दुसरा जाणकार माणूस सोमवारशिवाय मिळणार नव्हता. एका स्वयंसेविकेने सुचवलं, की जुने दोरे ओळखू येतील, महिनाभर पावसात होते, रंग उडाला असेल. सगळे वाकून बघू लागले. पण पोरांच्या मनगटावर महिनाभर राहिलेले दोरे त्याहून मळलेले निघाले. साबण, सूप, शाई, सगळं त्या दोऱ्यांनी प्यायलं होतं.

"मग एकच उपाय," रालित्सा अखेर म्हणाली. "ज्यांनी बांधले त्यांना विचारायचं. प्रत्येकाने आपापला दाखवला, की उरतील ते मेतोदीकाकांचे."

तासाभराने वेलिच्काबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी पालकांना निरोप धाडले होते आणि मागोमाग पोरं येऊ लागली. कुणी पायमोजे उलटे घालून, कुणी हातात पावाचा तुकडा घेऊन. वर्गात एकोणीस मुलं. अठरा आली. नेवेनाला कालपासून कांजिण्या आल्या होत्या.

मेतोदीला वाटलं, आता गोंधळ होणार. तसा तो झालाच. पोरं एकदम झाडांकडे धावली, दोघीजणी एकाच दोऱ्याला धरून "माझा, माझा" म्हणू लागल्या आणि एक मुलगा उगीचच रडू लागला. वेलिच्काबाईंनी शिट्टी वाजवली नाही. त्या नुसत्या रांगेच्या एका टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला ऐकू येत नाहीये." एकेक करून सगळी गप्प झाली.

"आता बिल्याना, तू बांधलास तेव्हा तुझ्या शेजारी कोण होतं?"

"तोशो."

"आणि तोशो, तुला बांधताना समोर काय दिसत होतं?"

तोशोने डोळे मिटले. "भिंतीवरचं मांजर. खरं नाही, रंगवलेलं."

"मग मांजर दिसेल तिथे जाऊन उभा राहा बघू."

मेतोदी थक्क होऊन बघत राहिला. 'कुठलं झाड' हा प्रश्न बाई एकदाही विचारत नव्हत्या. कुणाच्या बुटात चिखल गेला होता, कुणाला थंडी वाजली होती, कुणी कुणाची टोपी ओढली होती, एवढंच विचारत होत्या. आणि पोरं आपल्या पायांनी चालत बरोबर झाडाशी जाऊन उभी राहत होती. ज्याचा दोरा सापडला त्याने तो हाताने धरून उभं राहायचं. त्या दोघींपैकी एकीला आठवलं, की तिची दोऱ्याची बाहुली होती, नुसता दोरा नव्हता. ती बाहुली शेजारच्याच फांदीवर मिळाली.

शेवटी अठरा मुलं अठरा दोरे धरून उभी राहिली. मेतोदीने रांगेतून जात बघितलं. बिनधन्याचे दोरे किती? दुसऱ्या झाडावर एक. पाचव्यावर एक. सातव्यावर एक. आणि भिंतीजवळच्या अकराव्यावर एक. चार.

"तीन हवे होते," गांचो म्हणाला. "मेतोद्या, नीट आठव, तू चार तर नाही बांधलेस?"

"तीनच. चौथा त्या नेवेनाचा."

नेवेनाला फोन लावला. तिच्या आजीने आधी दहा मिनिटं कांजिण्यांचं वर्णन केलं. मग पोरगी बोलली. वेलिच्काबाईंनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"नेवेना, बाळा, तू बांधलास तेव्हा काय दिसत होतं?"

"जमीन."

"जमीन? का गं?"

"मी पडले होते. मला आसेनने ढकललं. मग मी तिथेच बांधला."

सगळी तोंडं आसेनकडे वळली. पहिल्या झाडाशी दोरा धरून उभा असलेला, कान लाल झालेला मुलगा. "मी नाही ढकललं! ती आपली आपणच पडली!"

"आसेन, तुला कुणी ओरडणार नाहीये," वेलिच्काबाई म्हणाल्या. "ती कुठे पडली एवढंच सांग."

"मला नाही माहीत. मी तिथे नव्हतोच."

"खोटारडा!" फोनमधून नेवेना ओरडली, आणि आजीने फोन काढून घेतला.

वेलिच्काबाई वाट बघत राहिल्या. पण गांचो सारखा आकाशाकडे आणि कळ्यांकडे बघत होता. ऊन वाढत होतं. मेतोदी आसेनपाशी गेला आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसला. कंबर दुखली.

"हे बघ," तो म्हणाला. "हे सगळं माझ्यामुळे झालंय. रंग लावायला सांगितला होता, मी दोरा बांधला. मग लोकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, खुणा झाल्या. आणि आज सकाळी मी कुठलंतरी झाड सांगून टाकणार होतो."

आसेनने त्याच्याकडे संशयाने बघितलं. "मग?"

"मग सांगितलं, की मला माहीत नाही."

"मग ओरडले तुम्हाला?"

"तो करवतवाला हसला. खूप हसला. अजून महिनाभर हसेल."

"अजून वर्षभर," गांचो मागून म्हणाला.

आसेनने नाक पुसलं. बराच वेळ तो बुटाने माती उकरत राहिला. "मी जोरात नव्हतं ढकललं," तो शेवटी म्हणाला. "तिने माझी जागा घेतली होती. तिथे." आणि त्याने हात लांब करून दाखवलं. सातवं झाड.

"नक्की?"

"तिथे दगड आहे. ती त्याच्यावर पडली. मी बघितलं, लागलं का ते. नव्हतं लागलं."

मेतोदी उठून सातव्या झाडाकडे गेला. बुंध्यापाशी जमिनीत अर्धा रुतलेला दगड होता. म्हणजे दुसरं, पाचवं आणि अकरावं. त्याला ते आठवल्यासारखं वाटलं. पण सकाळपासून त्याला इतकं काही आठवल्यासारखं वाटत होतं, की त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता.

"आमचे दोरे?" बिल्यानाने विचारलं. त्या तीन झाडांवर पाच मुलांचे दोरे होते. "झाड कापलं तर मागितलेलं मिळेल का?"

वेलिच्काबाईंनी मेतोदीकडे बघितलं. मेतोदीने गांचोकडे बघितलं. गांचोने पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

"आधी सोडवून घेऊ," मेतोदी म्हणाला.

पाच दोरे पोरांनी सोडवले, तीन मेतोदीने. मग सगळ्यांना फाटकापर्यंत मागे नेलं आणि गांचोने भिंतीजवळचं झाड कापलं. ते आडवं पडल्यावर त्याने बुंध्याची साल थोडी सोलली. आत तांबूस-काळा पट्टा वर चढत गेला होता, जळलेल्या दुधासारखा. "हे बरोबर," तो म्हणाला. त्याने करवतीचं पातं स्पिरिटने पुसलं आणि पाचवं कापलं. तिथेही तेच.

मग रांगेतलं दुसरं झाड पडलं. साल सोलली. आतलं लाकूड स्वच्छ, पिवळसर पांढरं.

गांचो थांबला. रालित्साने ओठ आवळले. मेतोदी सोललेल्या खोडाजवळ गेला. सातवं होतं मग. पोरगं चुकलं, नाहीतर मी चुकलो, नाहीतर आम्ही दोघंही. त्याने वळून सातव्या झाडाकडे बघितलं, तिकडे लटकणारा नेवेनाचा दोरा वाऱ्याने हलत होता. एक निरोगी झाड आपण पाडलं आणि आता सातवंही पाडायचं की नाही, तेही सांगता येत नाही.

"आणखी वर सोल," तो म्हणाला.

"वर काय असणार?"

"सोल रे!"

गांचो सोलत गेला. हातभर काही नाही. दोन हात, काही नाही. मग जिथे खोड दुभागलं होतं, त्या बेचक्यात साल सैल झाली आणि खालून तेच तांबूस-काळं लाकूड दिसलं, आणि त्याला एक आंबूस वास येत होता. गांचोने चाकू खाली ठेवला. "आहे," तो म्हणाला. "बापरे, वरून उतरत होता."

मेतोदी पडलेल्या खोडावर बसणार होता, पण रालित्सा ओरडली, "त्यावर नको! रोग!" म्हणून तो तसाच उभा राहिला. त्याला आनंद झाला, की नुसताच थकवा आला, हे त्याचं त्यालाच कळेना.

संध्याकाळी गलाबिनाबाईंना सांगायला फोन केला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाकूड जाळलंत ना? आणि त्या झाडांना लागलेलं सगळं?"

"दोरेही?" मेतोदीने विचारलं.

शेजारी उभ्या असलेल्या पोरांनी एकदम आरडाओरडा केला. मार्तेनित्सा कुणी जाळतं का! काही पालक पोरांना न्यायला आले होते, त्यांनीही मान हलवली. आपली माणसं तो दोरा झाडाला बांधतात, नाहीतर दगडाखाली ठेवतात. जाळलेला कुणी ऐकला नव्हता.

"मग उकळा," गलाबिनाबाई फोनमधून वैतागून म्हणाल्या. "खळखळून, दहा मिनिटं. आणि मग ठेवा तुमच्या दगडाखाली, नाहीतर डोक्यावर ठेवा."

गांचोने चहाचं पातेलं चुलीवर चढवलं आणि आठ दोरे पाण्यात सोडले. पोरं भोवती उकिडवी बसली. पाण्याला उकळी आली तसा लाल रंग सुटू लागला. आधी एक धागा, मग ढगासारखा पसरला. पांढरे सगळे गुलाबी झाले आणि लालही गुलाबी झाले. मेतोदीने काटक्यांनी एकेक बाहेर काढून पाटीवर मांडले. आठ गुलाबी, ओले, एकसारखे दोरे.

"ह्यातला माझा कुठला?" बिल्यानाने विचारलं.

मेतोदीने आठही दोऱ्यांकडे नीट, मनापासून बघितलं. त्याने एक उचलला, उलटा करून बघितला, परत ठेवला. मग दुसरा उचलला.

"सांगता येत नाही गं," तो म्हणाला. "तुला कुठला वाटतो?"

तिने बराच विचार करून एक निवडला. बाकीच्या चौघांनीही निवडले. एक तोशोला फार आवडला म्हणून त्याने तो दुसऱ्याकडून बदलून घेतला. उरलेले तीन मेतोदीने हातात घेतले आणि तो पोरांच्या मागे चांगला मोठा दगड शोधायला निघाला.